यूइंग अर्बुद आणि पार्प-रोधके

यूइंग अर्बुद हे मुख्यतः मुले व तरुण यांच्या हाडांत उद्‌भवणारे मारक अर्बुद (कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे निर्माण होणारी आणि शरीरात इतरत्र पसरण्याची क्षमता असणारी गाठ) होय. पार्प हे कोशिकेतील डीएनए या आनुवंशिक द्रव्याच्या दुरुस्तीस चालना देणाऱ्या एका एंझाइमाचे (शरीरातील रासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) संक्षिप्त नाव असून त्याचे कार्य थांबविणाऱ्या औषधी संयुगांना पार्प-रोधके म्हणतात. यूइंग अर्बुदाच्या कोशिका या रोधकांना असाधारण संवेदनशील असतात, असे २०१२ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. त्यामुळे या रोगावर नवे औषध हाती आल्याची आशा निर्माण झाली; परंतु रुग्णांवरील पहिल्या चाचणीत एकाही रुग्णाचे अर्बुद अपेक्षित प्रमाणात आक्रसले नाही. प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि रुग्णशय्येजवळचा अनुभव यांत एवढे अंतर का पडले आणि त्यापासून कोणता बोध मिळाला, याचा विचार प्रस्तुत नोंदीत रोगाच्या व उपचारांच्या माहितीसह केला आहे.

आढळ व कारणे : हा रोग विरळा आहे. अमेरिकेतील यूरोपीय वंशाच्या लोकांत दर दहा लाख मुले व तरुण यांच्यामागे वर्षाला सु. ३ नवे रुग्ण आढळतात. आफ्रिकी व पूर्व आशियाई वंशांच्या लोकांत हे प्रमाण पुष्कळच कमी आहे. भारतातील मोठ्या कर्करोग रुग्णालयांत मात्र हे रुग्ण नियमितपणे येतात. बहुतेक रुग्ण १० ते २० वर्षे वयाचे असतात व त्यांत मुलींपेक्षा मुलांचे प्रमाण थोडे अधिक असते. श्रोणी (कंबरेच्या हाडांचा घेर), मांडीचे हाड, नडगीचे हाड, दंडाचे हाड, बरगड्या व पाठीचा कणा ही या अर्बुदाची नेहमीची ठिकाणे होत. काही वेळा ते हाडाबाहेरील मऊ ऊतकातही (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहातही) उद्‌भवते.

रोग संसर्गजन्य नाही व बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो आईवडिलांकडून आलेला नसतो. खेळताना लागलेल्या मारामुळे तो होतो, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः मार लागल्यामुळे त्या जागेकडे लक्ष जाते आणि तेथे आधीपासून असलेली गाठ ध्यानात येते, एवढेच.

इतिहास : हे अर्बुद जेम्स यूइंग (१८६६—१९४३) या अमेरिकन विकृतिवैज्ञानिकांच्या नावाने ओळखले जाते. यूइंग यांना वयाच्या चौदाव्या वर्षी अस्थिमज्जाशोथ (हाडाचा पूयुक्त दाहयुक्त विकार) झाला होता व त्यामुळे त्यांना दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहावे लागले होते. पुढे त्यांनी ज्या रोगाचे वर्णन केले, तो पुष्कळदा अस्थिमज्जाशोथासारखाच भासतो, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. १९२० मध्ये त्यांनी एका १४ वर्षांच्या मुलीच्या अग्रबाहूतील (कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागातील) हाडाच्या अर्बुदाची माहिती न्यूयॉर्क येथील विकृतिवैज्ञानिकांपुढे मांडली आणि १९२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हे अर्बुद प्रथम नेहमीचे अस्थिमांसार्बुद समजले गेले होते. अस्थिमांसार्बुदावर किरणांचा फारसा परिणाम होत नाही. या मुलीची गाठ मात्र रेडियमाच्या किरणांनी झपाट्याने विरघळली. त्यावरून हा रोग निराळा असला पाहिजे, असा निष्कर्ष यूइंग यांनी काढला. अर्बुद हाडातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून निर्माण होते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. परंतु हा स्वतंत्र रोग आहे, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. एखाद्या उपचारास कोशिका कसा प्रतिसाद देतात, यावरून रोगाचे स्वरूप ओळखण्याची जी पद्धत येथे दिसते, तीच सु. ९० वर्षांनी पार्प-रोधकांच्या संशोधनातही उपयोगी पडली.

लक्षणे व निदान : हाडातील वेदना हे पहिले लक्षण होय. वेदना प्रथम अधूनमधून होते, पुढे ती सतत होऊ लागते व रात्री अधिक जाणवते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सूज दिसू लागते. सूज स्पर्शाला उष्ण लागते. काही रुग्णांत ताप, वजनातील घट व रक्तक्षय हीही लक्षणे असतात. ताप व उष्ण सूज यांमुळे हा विकार जंतुसंसर्गजन्य वाटून प्रतिजैव औषधे दिली जातात. मुरगळ समजून चोळणे, मालीश करणे, हाडवैद्याकडून बांधून घेणे असे उपायही केले जातात. यांत महत्त्वाचा काळ वाया जातो. वाढत्या वयातील मुलाच्या एकाच जागेची वेदना काही आठवडे टिकून राहिली किंवा तिच्यामुळे झोपमोड होऊ लागली, तर क्ष-किरण चित्र काढून घेणे आवश्यक असते.

क्ष-किरण चित्रात हाडाचा पोखरलेला भाग व त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक आलेले नव्या हाडाचे पातळ थर दिसू शकतात. मात्र अस्थिमज्जाशोथातही असे थर आढळत असल्याने एवढ्यावरून निदान निश्चित करता येत नाही. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने (एमआरआयने) अर्बुदाची व्याप्ती समजते. अखेरचा निर्णय जीवोतक परीक्षेने (गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याने) होतो. यूइंग अर्बुदात लहान, गोल व निळा रंग घेणाऱ्या कोशिकांची दाट गर्दी दिसते. इतर काही अर्बुदांतही अशाच कोशिका असल्याने विशिष्ट प्रथिनांच्या व जनुकांच्या चाचण्या करून खात्री करून घ्यावी लागते. जीवोतक परीक्षेचा छेद पुढील शस्त्रक्रियेच्या मार्गातच असावा लागतो. तो चुकीच्या जागी घेतला गेल्यास हातपाय वाचविणे अवघड होऊ शकते. म्हणून ही परीक्षा, पुढील शस्त्रक्रिया जेथे व्हावयाची त्याच केंद्रात करणे इष्ट असते.

निदानाच्या वेळी सु. एक चतुर्थांश रुग्णांत रोग फुप्फुसे, इतर हाडे अथवा अस्थिमज्जा यांत पसरलेला असतो. अशा विक्षेपाचा (मूळ जागेपासून दूरच्या अवयवातील प्रसाराचा) शोध उपचारांपूर्वी घ्यावा लागतो, कारण रुग्णाचे भवितव्य मुख्यत्वे त्यावरच अवलंबून असते. [⟶ कर्करोग].

जननिक वैशिष्ट्य : १९८३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना या अर्बुदाच्या कोशिकांत ११ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळली. १९९२ मध्ये पॅरिस येथील क्यूरी संस्थेतील ऑलिव्हिए डलात्र व त्यांचे सहकारी यांनी या सांध्यावरील जनुके ओळखली. २२ व्या गुणसूत्रावरील ईडब्ल्यूएस हे जनुक तुटून ते ११ व्या गुणसूत्रावरील एफएलआय-१ या जनुकाच्या तुकड्याशी जोडले जाते. सु. ८५% रुग्णांत हाच जोड आढळतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत एफएलआय-१ ऐवजी त्याच्या जातीचे दुसरे जनुक असते.

या जोडजनुकापासून निरोगी कोशिकेत कधीही नसणारे एक संमिश्र प्रथिन तयार होते. कोणती जनुके केव्हा कार्यान्वित व्हावीत, याचे नियंत्रण करणाऱ्या प्रथिनांपैकी ते एक होय. डीएनएमध्ये जीजीएए ही चार अक्षरे पुनःपुन्हा जेथे येतात, अशा एरव्ही निष्क्रिय असलेल्या जागांवर ते जाऊन बसते व आजूबाजूची जनुके अवेळी जागी करते. शेकडो जनुकांचा कारभार त्यामुळे बिघडतो व कोशिकेची वाढ अनिर्बंध होते. हा बदल अर्बुदाच्या कोशिकांपुरताच मर्यादित असतो; तो जन्मतः सर्व शरीरात नसतो. निदानाची खूण म्हणून या प्रथिनाचा फार उपयोग होतो. परंतु त्यालाच थेट निष्प्रभ करणे औषधनिर्मितीच्या दृष्टीने अतिशय कठीण ठरले आहे, कारण औषधाचा रेणू घट्ट बसू शकेल अशी खोबण त्याच्या पृष्ठावर सहजी सापडत नाही. म्हणून संशोधकांनी त्याच्यामुळे कोशिकेत निर्माण होणाऱ्या दुबळेपणाचा शोध घेण्यास सुरुवात केली.

पार्प एंझाइम व त्याची रोधके : पार्प एंझाइमाच्या कार्याचा पहिला मागोवा १९६३ मध्ये फ्रान्समधील स्ट्रॅस्‌बर्ग येथील शांबाँ, वेल व मांदेल यांना लागला. डीएनएच्या दुपेडी रेणूचा एक पेड तुटला की, पार्प-१ हे एंझाइम त्या तुटीवर जाऊन बसते. कोशिकेतील एनएडी या सहएंझाइमापासून ते एका लहान घटकाच्या लांब साखळ्या तयार करते व त्यांच्या योगाने दुरुस्ती करणारी इतर प्रथिने तेथे गोळा होतात. दुरुस्ती सुरू होताच पार्प तेथून सुटते. अशा एकपेडी तुटी प्रत्येक कोशिकेत रोज हजारोंनी होत असतात. त्या दुरुस्त होतात म्हणूनच कोशिका टिकते.

पार्पचे कार्य रोखले, तर एकपेडी तुटी तशाच राहतात व डीएनएची प्रतिकृती तयार होत असताना त्यांचे रूपांतर दुपेडी तुटींत होते. शिवाय अनेक रोधकांमुळे पार्पचा रेणू डीएनएवरच अडकून पडतो व प्रतिकृतीच्या वाटेत अडथळा बनतो. हा दुसरा परिणाम अधिक घातक असल्याचे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. निरोगी कोशिका दुपेडी तुटी दुसऱ्या एका अचूक पद्धतीने सांधू शकते व त्या पद्धतीत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांच्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो. ज्या अर्बुदात ही जनुके निकामी झालेली असतात, त्यातील कोशिकांना मात्र पार्प-रोधक दिल्यावर दुरुस्तीचा मार्ग उरत नाही व त्या मरतात. गावाला जोडणारे दोन पूल असावेत, त्यांपैकी एक पुरात वाहून गेलेला असावा आणि उरलेला दुसराही बंद करावा, तशी ही स्थिती होय. दोन्ही पूल शाबूत असलेल्या गावाचे एक पूल बंद केल्याने फारसे अडत नाही. म्हणून निरोगी कोशिका तुलनेने बचावतात. हे तत्त्व २००५ मध्ये इंग्लंडमधील दोन संशोधक-गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केले. त्याच्या आधारे विकसित झालेल्या ओलापॅरिब या औषधास २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बीआरसीए-दोष असलेल्या अंडकोशाच्या (स्त्रीबीज निर्माण करणाऱ्या ग्रंथीच्या) कर्करोगासाठी मान्यता मिळाली. स्तन, स्वादुपिंड व अष्ठीला ग्रंथी यांच्या काही कर्करोगांतही पुढे त्याचा उपयोग होऊ लागला.

यूइंग अर्बुदाशी संबंध : यूइंग अर्बुदाच्या कोशिकांत पार्पचे प्रमाण व कार्य नेहमीपेक्षा जास्त असते, हे १९९० मध्येच प्रसिद्ध झाले होते, पण त्या वेळी परिणामकारक रोधके उपलब्ध नव्हती. या संबंधाकडे खऱ्या अर्थाने लक्ष वेधले ते २०१२ मध्ये. इंग्लंडमधील सँगर संस्था व अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स जनरल रुग्णालय येथील संशोधकांनी निरनिराळ्या कर्करोगांपासून मिळविलेल्या सहाशेहून अधिक कोशिकावंशांवर (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या जाणाऱ्या कोशिकांवर) १३० औषधी द्रव्यांची पद्धतशीर परीक्षा केली. कोणतेही गृहीत धरून हा प्रयोग केलेला नव्हता. कोणत्या जननिक बदलाबरोबर कोणते औषध परिणामकारक ठरते, याचा सांख्यिकीय शोध घेणे हा त्याचा हेतू होता. त्यात ईडब्ल्यूएस–एफएलआय-१ हा जोड असलेल्या कोशिका ओलापॅरिबास ठळकपणे संवेदनशील असल्याचे आढळले. त्यांची संवेदनशीलता बीआरसीए-दोष असलेल्या कोशिकांच्या तोडीची होती. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखविले की, हे संमिश्र प्रथिन पार्प-१ शी प्रत्यक्ष संलग्न होते व त्याचे उत्पादनही वाढविते. म्हणजे अर्बुदाचे मूळ आणि त्याचे मर्म ही परस्परांशी निगडित असल्याचे दिसले.

यूइंग अर्बुदात बीआरसीए जनुके सामान्यतः शाबूत असतात. मग ही संवेदनशीलता कोठून येते, हा प्रश्न उरला. त्याचे एक उत्तर २०१८ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या सान अँटोनिओ येथील केंद्रातील अपर्णा गोर्थी, अलेक्झांडर बिशप व त्यांचे सहकारी यांनी दिले. संमिश्र प्रथिनामुळे जनुकांपासून आरएनए बनविण्याचे काम बेसुमार वाढते. नव्याने बनलेला आरएनएचा धागा सुटून जाण्याऐवजी डीएनएलाच चिकटून राहतो व त्याची वेटोळी साचतात. बीआरसीए-१ हे प्रथिन कोशिकेत असते, पण ते या गोंधळातच गुंतून पडते आणि तुटीच्या दुरुस्तीस उपलब्ध होत नाही. वरील दृष्टांताच्या भाषेत, दुसरा पूल वाहून गेलेला नसतो, परंतु वाहनांच्या कोंडीमुळे निरुपयोगी झालेला असतो.

रुग्णांवरील चाचण्या : २०१२ च्या निष्कर्षानंतर अमेरिकेत पूर्वीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या यूइंग अर्बुदाच्या प्रौढ रुग्णांना केवळ ओलापॅरिब देऊन चाचणी घेण्यात आली. तिचा वृत्तांत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार घेतलेल्या १२ रुग्णांपैकी एकाचेही अर्बुद ठरविलेल्या निकषांनुसार लहान झाले नाही. चार रुग्णांत वाढ काही काळ थांबली होती. रोग पुन्हा बळावण्यास लागलेला मध्यक काळ अवघा ५·७ आठवडे होता. त्यामुळे आणखी रुग्ण न घेता चाचणी थांबविण्यात आली.

या अपयशाची काही कारणे पुढील संशोधनातून स्पष्ट झाली. कोशिकावंश अनेक दिवस औषधाच्या सतत संपर्कात ठेवता येतात. शरीरात औषधाची पातळी चढत-उतरत असते व अर्बुदाच्या सर्व भागांत ते सारखे पोहोचत नाही. प्रयोगशाळेत टिकणाऱ्या कोशिका वेगाने विभाजन पावणाऱ्या असतात. रुग्णाच्या अर्बुदात मंद गतीच्या कोशिकाही असतात. चाचणीतील रुग्णांनी आधी अनेक औषधे घेतलेली होती व त्यांतून वाचलेल्या कोशिका मुळातच चिवट होत्या. उंदरांत रुजविलेल्या मानवी यूइंग अर्बुदांवरही एकट्या पार्प-रोधकाचा परिणाम अल्पच झाला. मात्र डीएनएवर आघात करणाऱ्या टेमोझोलोमाइड किंवा इरिनोटिकॅन यांसारख्या औषधांबरोबर तेच रोधक दिल्यावर परिणाम पुष्कळ वाढला. रोधक स्वतः तुटी निर्माण करीत नाही, ते दुरुस्ती अडविते. तुटींची संख्या दुसऱ्या औषधाने वाढविल्यासच त्याचे सामर्थ्य प्रकट होते, असा याचा अर्थ होय.

या जोड-उपचारांच्या चाचण्या मुले व प्रौढ यांच्यावर घेण्यात आल्या आहेत. काही थोड्या रुग्णांना त्यांपासून लाभ झाला. परंतु दुरुस्ती अडविली गेल्याची किंमत अस्थिमज्जेतील निरोगी रक्तजनक कोशिकांनाही द्यावी लागते. श्वेत कोशिका व बिंबाणू (रक्त गोठण्यास आवश्यक असणारे सूक्ष्म घटक) यांची संख्या घटत असल्याने औषधांची मात्रा कमी ठेवावी लागते, आणि मात्रा कमी केली की परिणामही उणावतो. त्यामुळे पार्प-रोधकांचा यूइंग अर्बुदाच्या प्रस्थापित उपचारांत समावेश झालेला नाही. इतर कर्करोगांसाठी ही औषधे बाजारात मिळत असली, तरी देखरेखीखालील चाचणीखेरीज ती यूइंग अर्बुदाच्या रुग्णास देण्यास आधार नाही.

प्रस्थापित उपचार : रासायनिक चिकित्सा, शस्त्रक्रिया व प्रारण चिकित्सा (किरणांचा उपचार) या तिन्हींचा मेळ घालून उपचार करतात. रासायनिक चिकित्सेच्या पूर्वी केवळ शस्त्रक्रिया वा प्रारण यांवर विसंबलेल्या काळात दहापैकी सु. एकच रुग्ण दीर्घकाळ जगत असे. कारण डोळ्यांस न दिसणारा विक्षेप बहुतेकांत आधीच झालेला असे. व्हिंक्रिस्टीन, डॉक्सोरुबिसीन व सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे आणि त्यांच्या आलटून-पालटून आयफॉस्फमाइड व इटोपोसाइड ही औषधे देण्याची पद्धत आता रूढ आहे. शेवटच्या दोन औषधांची भर घातल्याने विक्षेप नसलेल्या रुग्णांचे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत आढळले. तीच औषधे तीन आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांच्या अंतराने दिल्यास फळ अधिक चांगले मिळते, हे २०१२ मध्ये दिसून आले. विक्षेप झालेल्या रुग्णांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांहून कमी राहते. पार्प-रोधकांसारख्या नव्या मार्गांची निकड भासते ती मुख्यत्वे यांच्यासाठी व रोग उलटलेल्यांसाठी.

महाराष्ट्रातील कार्य : सर दोराबजी टाटा न्यासाने मुंबईत परळ येथे उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. वसंत रामजी खानोलकर (१८९५—१९७८) यांनी तेथे विकृतिविज्ञानाचा पाया घातला व १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. १९६२ मध्ये रुग्णालय भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल केंद्र अस्तित्वात आले. संशोधन विभाग २००२ पासून नवी मुंबईतील खारघर येथे आहे. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणीही १९६३ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

यूइंग अर्बुदासाठी या रुग्णालयाने ईएफटी-२००१ ही स्वतःची उपचारयोजना आखून वापरली. पूर्वी हातापायाच्या हाडातील अर्बुदासाठी तो अवयवच कापून टाकण्यात येई. आता बहुसंख्य रुग्णांत रोगग्रस्त हाडाचा भाग काढून अवयव वाचविता येतो. काढलेल्या भागाच्या जागी बसविण्याचे कृत्रिम सांधे परदेशांतून आणणे फार खर्चाचे असल्याने तुलनेने स्वस्त असे देशी बनावटीचे सांधे येथील शल्यतज्ञांनी विकसित करून घेतले. हाडाच्या मधल्या भागातील अर्बुदासाठी आणखी एक पद्धत त्यांनी अनेक रुग्णांत अवलंबिली आहे. रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर असतानाच त्याचे रोगग्रस्त हाड काढून त्यावरील अर्बुदाचा भाग खरवडतात, त्या हाडास शरीराबाहेर ५० ग्रे (शोषित प्रारणाचे एकक) इतकी मात्रा एकदम देतात व अर्बुदकोशिका मेल्यानंतर तेच हाड पट्ट्या व मळसूत्रे यांच्या साहाय्याने पूर्ववत बसवितात. हाड त्याच रुग्णाचे असल्याने ते मापात बरोबर बसते व कृत्रिम भागाचा खर्च वाचतो.

तथापि उपचारांचे यश केवळ तंत्रावर अवलंबून नसते. औषधांची आवर्तने दहा महिने ते एक वर्ष चालतात व मधल्या काळात श्वेत कोशिका घटल्याने ताप आल्यास काही तासांतच रुग्णालय गाठावे लागते. मावळ तालुक्यातील लोणावळा मुंबईपासून लोहमार्गाने १२८ किमी. आहे. लोणावळ्यानजीकच्या वलवणसारख्या गावातील कुटुंबासही एवढा काळ ये-जा करणे सोपे नसते. गडचिरोली वा नंदुरबार येथून येणाऱ्यांना तर मुंबईतच बिऱ्हाड करावे लागते. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्थांचा आधार अशा वेळी औषधाइतकाच मोलाचा ठरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली (पूर्वीचे नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, प्रारंभ २०१२) राज्यातील पात्र रुग्णांना कर्करोगाच्या उपचारांसाठी साहाय्य मिळते. देशातील कर्करोग केंद्रांत उपचारांची एकसारखी पातळी राखण्याच्या हेतूने २०१२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग जाल स्थापन झाले. उपचार मधेच सोडून देणे टळावे आणि रुग्णाला शक्य तेथे घराजवळ उपचार मिळावेत, यासाठी या व्यवस्थांचे महत्त्व मोठे आहे.

मूल्यमापन : पार्प-रोधके व यूइंग अर्बुद यांच्या संशोधनाला निष्फळ म्हणता येणार नाही. एका जनुकजोडामुळे कोशिकेच्या दुरुस्तियंत्रणेत कोणता दुबळेपणा येतो, हे त्यामुळे उमगले आणि ही रोधके एकटी न देता कोणत्या औषधांबरोबर द्यावीत, याची दिशा मिळाली. कोशिकावंशावरील यश म्हणजे उपचार नव्हे, हेही त्यातून पुन्हा एकदा प्रत्ययास आले. चाचणीत भाग घेतलेल्या १२ रुग्णांना स्वतःला लाभ झाला नाही. परंतु निष्कर्ष प्रतिकूल असूनही तो प्रसिद्ध झाल्यामुळे पुढील रुग्णांना निरुपयोगी उपचारापासून वाचविता आले. नवी औषधे सिद्ध होईपर्यंत या रोगात जीव वाचविणाऱ्या गोष्टी जुन्याच आहेत : न थांबणाऱ्या हाडदुखीची वेळीच दखल, योग्य ठिकाणी घेतलेली जीवोतक परीक्षा आणि अखेरपर्यंत पूर्ण केलेले उपचार.